आधी सामान, मग सायकल, शेवटी कॅरियर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायकलवरून लांबच्या प्रवासाला पहिल्यांदाच निघणारी मंडळी ओळखीपाळखीतून माझ्याकडे चौकशीला येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गियर किती हवेत, टायर किती रुंद घ्यावा, सीट कुठली, हेल्मेट कुठलं. हे सगळं विचारून होतं, चहा पिऊन होतो, आणि चपला घालून निघताना कुणीतरी दारात वळून म्हणतं, ‘‘आणि हो, कॅरियर काय, कुठलंही चालेल ना?’’ अशा वेळी मी त्यांना पुन्हा आत बोलावतो. कारण ‘कुठलंही चालेल’ असं उत्तर मी एकदा दिलेलं आहे, आणि त्याची किंमत माझ्या भाच्याला मोजावी लागली आहे.

ती गोष्ट सांगण्याआधी आमच्या घरातल्या जुन्या सायकलबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या लहानपणी वडिलांची एक काळी, भरभक्कम सायकल होती. तिच्या मागच्या कॅरियरवरून दर रविवारी दळणाचा डबा गिरणीत जायचा. येताना डबा आणि डब्याला कवटाळून बसलेला मी, असे दोघं त्याच कॅरियरवरून घरी यायचो. त्याला एक स्प्रिंगची चाप होती. तिने माझी बोटं कितीदा चावली असतील त्याची गणती नाही. पण ते कॅरियर कधी तुटलं नाही, कधी हललंसुद्धा नाही. गावात दूध घालणारे गवळी तर कॅरियरच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून खडबडीत रस्त्यावरून रोज यायचे. त्यांचीही कॅरियरं टिकायची.

असं का व्हायचं, हे मला फार उशिरा कळलं. त्या कॅरियरचे दोन्ही पाय सरळ खाली येऊन मागच्या चाकाच्या आसावर, म्हणजे एक्सलवर, नटाखाली पक्के आवळलेले असत. वरच्या बाजूला एखादा बोल्ट असे, पण तो फक्त कॅरियर पुढेमागे कलू नये एवढ्यापुरता. डब्याचं सगळं वजन पायांतून आसावर, आसावरून चाकावर आणि चाकातून जमिनीवर उतरत असे. घराच्या भिंतीचं वजन पायावर उतरावं तसं. कारखान्याने सायकल आणि कॅरियर एकमेकांसाठीच बनवलेली असत, त्यामुळे आपल्याला काही निवडावंच लागत नसे.

आता तसं नाही. गियरच्या सायकली दुकानात बहुधा कॅरियरशिवाय उभ्या असतात. कॅरियर वेगळं विकत घ्यायचं, वेगळं बसवायचं. निवड आपल्या हातात आली, आणि तिच्यासोबत चूक करण्याची सोयही आली.

डिसेंबर २०१३ मधली गोष्ट. मी तेव्हा बँकेत नोकरीला होतो. वर्षाकाठी आठ-दहा दिवसांची रजा काढून सायकलवर कुठेतरी जाऊन यायचं, हा माझा जुना छंद. त्या वर्षी भाचा म्हणाला, ‘‘मामा, या वेळी मला ने.’’ तो एकोणीस वर्षांचा, इंजिनीअरिंगला. पुण्याहून भोर, वरंधा घाट उतरून महाड, तिथून दापोली, दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून गुहागर आणि पुढे गणपतीपुळे, असा बेत ठरला. ताई काळजीत होती. मी तिला म्हणालो, ‘‘मी आहे ना, त्याची सगळी तयारी मी करून देतो.’’

भाच्याची सायकल नवी होती, हलकी, सुरेख. पण तिच्या मागच्या बाजूला कॅरियर बसवायला भोकंच नव्हती. दुकानात एक कॅरियर मिळालं. ते सीटखालच्या पाइपला चिमट्यासारखं पकडायचं आणि तिथून मागे चाकावर आडवं पसरायचं. त्याला खाली पाय नव्हते. बाजूच्या पिशव्या चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्हीकडे तारेच्या चौकटी होत्या. बसवायला पाच मिनिटं. त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, जास्तीत जास्त नऊ किलो. ते मी वाचलं होतं, हे मला आज कबूल करायला हवं. वाचलं, आणि मनात म्हटलं, कंपन्या जरा राखूनच लिहितात. भाच्याने विचारलं, ‘‘मामा, हे चालेल?’’ मी म्हणालो, ‘‘कुठलंही चालतं रे, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.’’

पहिला दिवस छान गेला. भोरच्या पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने जाणारा रस्ता म्हणजे सायकलवाल्यांचा स्वर्गच. वरंध्याला वाघजाईच्या देवळापाशी भजी खाल्ली, माकडांपासून पिशव्या सांभाळल्या आणि महाडच्या बाजूला उतरायला लागलो. रस्त्यावर खड्डे होते. भाचा माझ्या पुढे होता. एका खड्ड्यात त्याचं मागचं चाक आपटलेलं मी पाहिलं. लगेच त्याचं कॅरियर सीटच्या पाइपभोवती डावीकडे फिरलं, घड्याळाचा काटा फिरावा तसं. उजवीकडची पिशवी आत ओढली गेली, चौकट वाकली, आणि पिशवीचा पट्टा मागच्या चाकाच्या तारांत गुंतला. चाक जागच्या जागी अडकलं. भाचा रस्त्यावर आडवा झाला आणि घसरत कठड्यापर्यंत गेला. कठडा होता म्हणून मी आज ही गोष्ट इतक्या शांतपणे सांगू शकतो.

उजवं मनगट मोडलं होतं. मागून येणाऱ्या एका टेंपोवाल्याने दोघांना आणि दोन्ही सायकलींना महाडला पोचवलं. प्लॅस्टर होईपर्यंत मी बाहेर बाकावर बसून होतो, मांडीवर ते कॅरियर घेऊन. सीटच्या पाइपवर जिथे ते फिरलं तिथे चकचकीत ओरखडा उठला होता. रात्री ताईला फोन केला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘तू होतास ना रे बरोबर?’’ ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

घरी आल्यावर मी सगळ्यात आधी एक काम केलं. भाच्याच्या पिशव्या तशाच, न उघडता, काट्यावर ठेवल्या. दोन बाजूच्या पिशव्या मिळून बारा किलो. वर बांधलेला तंबू तीन किलो. म्हणजे नऊ किलोच्या कॅरियरवर मी पंधरा किलो चढवले होते. निघण्याआधी हेच वजन करायला मला पाच मिनिटं लागली असती.

त्या दिवसापासून मी एक क्रम पाळतो आणि इतरांनाही तोच सांगतो. दुकानात आपण आधी कॅरियर बघतो, मग ते सायकलला बसतंय का ते बघतो, आणि सामान शेवटी, निघायच्या आदल्या रात्री भरतो. हा क्रम नेमका उलटा करायचा. आधी सामान, मग सायकल, आणि शेवटी कॅरियर.

सामानापासून सुरुवात करू. जे जे न्यायचं ते पिशव्यांत भरा आणि घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग पिशव्या घेऊन उभे राहा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमचं सामान. कोकणासारख्या भागात, जिथे रात्री कुणाच्या तरी घरी किंवा लॉजवर मुक्काम आणि जेवण खानावळीत, तिथे दोन जोड कपडे, एक चादर, पावसाळी जाकीट, पंप, हत्यारं, दोन ट्यूबा, औषधं एवढ्यावर भागतं. हे सात ते नऊ किलोंत बसतं. तंबू, चटई, स्टोव्ह, भांडी घेतली की तोच आकडा पंधरा-अठराच्या घरात जातो. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो, हे विसरू नका. आणि हाही विचार करा की तुमच्या स्वतःच्या वजनाचा मोठा वाटा मागच्याच चाकावर असतो. त्यात हे सामान. म्हणून लांबच्या प्रवासात तारा तुटतात त्या बहुधा मागच्या चाकाच्या. कॅरियर कितीही भक्कम घेतलं तरी सामान कमी करण्याला पर्याय नाही.

कॅरियरवर छापलेल्या आकड्याकडे कसं पाहायचं? सायकलच्या कॅरियरसाठी आयएसओ ११२४३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात कॅरियरवर वजन ठेवून ते पुन्हा पुन्हा हलवून पाहण्याच्या चाचण्या आहेत, आणि ते जास्तीत जास्त किती वजन घेईल हे कॅरियरवर लिहिण्याचा नियम आहे. पायांवर उभी राहणारी चांगली कॅरियरं बहुधा पंचवीस किलोंची असतात. माझा स्वतःचा नियम असा, की लिहिलेल्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर जायचं नाही. पंचवीस लिहिलं असेल तर सोळा-सतरा. कारण खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा त्या क्षणापुरतं सामानाचं वजन दुप्पट-तिप्पट झाल्यासारखा हिसका बसतो, आणि आपल्याकडच्या घाटांत खड्डा कधी भेटेल ते सांगता येत नाही.

आता सायकल. तिच्याकडे मागून, खाली बसून पाहा. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, आटे पाडलेलं एकेक भोक आहे का? आणि वर, सीटखालून चाकाकडे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्यांवर तशीच एकेक भोकं आहेत का? अशी चार भोकं असतील तर तुमची सायकल सामान वाहायला तयार आहे असं समजा. वडिलांच्या सायकलचंच हे आधुनिक रूप आहे. कॅरियरचे पाय खालच्या भोकांवर उभे राहतात, म्हणजे वजन आसाजवळच उतरतं. वरची दोन भोकं फक्त तोल सांभाळतात. पुष्कळदा या भोकांत रंग गेलेला असतो किंवा लहानसा स्क्रू बसवून ती बुजवलेली असतात, त्यामुळे ती पटकन दिसत नाहीत. मेकॅनिककडून एकदा टॅप फिरवून आटे साफ करून घ्यावेत.

सीटच्या पाइपला पकडणाऱ्या कॅरियरचं काय होतं, ते आता लक्षात येईल. भिंतीतून बाहेर काढलेल्या छज्जासारखं ते एकाच टोकाला धरलेलं असतं. सामान त्या पकडीपासून जितकं मागे, तितका पकडीवरचा ताण जास्त. शिवाय पाइप गोल, पकडही गोल. बाजूला फिरण्यापासून तिला अडवणारं दुसरं काही नाही, फक्त घर्षण. त्या कॅरियरमध्ये काही खोट होती असं मी म्हणणार नाही. रोज ऑफिसला डबा, छत्री, एखादी फाइल न्यायला ते उत्तम आहे. चूक त्याला पंधरा किलो घेऊन घाटात उतरवणाऱ्याची होती.

मग भोकं नसतील तर काय करायचं? तीन मार्ग आहेत. पहिला, मागच्या चाकाच्या आसावरच पाय टेकवणारी कॅरियरं मिळतात. त्यांच्यासोबत चाकाचा लांब आस येतो. ती महाग पडतात, पण वजन योग्य जागी उतरवतात. दुसरा, लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलला रबराचं अस्तर असलेले क्लॅम्प नळीभोवती आवळून त्यांवर कॅरियर बसवायचं. वरच्या बाजूला तोल सांभाळायला हे क्लॅम्प चालतात. खाली, सगळं वजन पेलायला मात्र त्यांच्यावर फार विसंबू नये. आणि कार्बनच्या सायकलला असे क्लॅम्प कधीही आवळू नका. ती नळी दाबाने आतल्या आत चिरते आणि वरून दिसतही नाही. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी लोकांना पटणारा. सामानच इतकं कमी करायचं की कॅरियर लागणारच नाही. सीटखाली बांधायच्या लांबट पिशव्या मिळतात, त्यांत चार-पाच किलो मजेत जातात.

सायकल कळली की मग कॅरियर. इथे पहिला वाद धातूचा. अ‍ॅल्युमिनियम की लोखंड? अ‍ॅल्युमिनियम हलकं, गंजत नाही, आणि दुकानांत तेच जास्त दिसतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या जिम ब्लॅकबर्न यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या सळईची कॅरियरं बनवली आणि सायकलवर फिरणाऱ्यांत ती लोकप्रिय झाली. तेव्हा अ‍ॅल्युमिनियम म्हणजे तकलादू, असं समजायचं कारण नाही. पण त्याचा एक स्वभाव आहे. तार आपण हाताने इकडेतिकडे वाकवत राहिलो की शेवटी तुटते, तसं अ‍ॅल्युमिनियम लहान लहान हिसक्यांनीही आतून थकत जातं आणि मग एक दिवस अचानक मोडतं. आणि एकदा मोडलं की त्याला आर्गन वेल्डिंग लागतं. ते मोठ्या शहराबाहेर सहजी मिळत नाही.

लोखंडाचं, म्हणजे पोलादाचं कॅरियर थोडं जड असतं, रंग उडाला की कोकणच्या खाऱ्या हवेत गंजतं. पण ते मोडण्याआधी वाकतं, कुरकुरतं, सूचना देतं. आणि खिडक्यांचे ग्रिल बनवणारा जिथे आहे तिथे ते दुरुस्त होतं. देवगडच्या अलीकडे एकदा माझ्या कॅरियरचा पाय जोडाशी चिरला. रस्त्याकडेच्या ग्रिलवाल्याने दहा मिनिटांत टाका मारून दिला. पैसे देताना तो म्हणाला, ‘‘सळई खराब न्हवती, तुमचो बोल्ट ढिलो होतो. कॅरेज हलत रवला म्हणान मोडला.’’ त्याने सांगितलेली ही गोष्ट मी कुठल्याही माहितीपत्रकात इतक्या स्पष्टपणे वाचलेली नाही. कॅरियर मोडतं ते बहुतेक वेळा आधी हलायला लागतं म्हणून, आणि हलायला लागतं ते बोल्ट सैल झाला म्हणून. एक सावधगिरी मात्र सांगतो. महागड्या कॅरियरांत पातळ पोलादी नळ्या असतात. त्यांवर ग्रिलचं वेल्डिंग केलं तर भोक पडू शकतं. भरीव सळईचं कॅरियर त्या मानाने गरीब स्वभावाचं.

माझं मत विचाराल तर, आठवडाभराचा प्रवास आणि दहाएक किलो सामान असेल तर चांगलं अ‍ॅल्युमिनियम चालेल. महिनाभर, तंबूबिंबू घेऊन, आडरस्त्याने जायचं असेल तर पोलाद.

धातूपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कॅरियरची बांधणी. वरून ते किती छान दिसतं हे पाहू नका, बाजूने पाहा. दोन पाय नुसते समांतर खाली येत असतील तर सामान शेपटीसारखं डुलतं. दुसरा किंवा तिसरा पाय तिरका येऊन खालच्या टोकाला मिळत असेल, म्हणजे पायांचा त्रिकोण होत असेल, तर ते घट्ट राहतं. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, तेच हे कारण. दुकानात ते आपल्या सायकलला बसवून घ्या, एका हाताने सीट धरा, दुसऱ्या हाताने कॅरियरचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकला. थोडं लवचील, पण लटलट हललं तर घेऊ नका. रिकामं असताना हलणारं कॅरियर भरल्यावर काय करील ते सांगायला नको.

सामान शक्यतो वर रचू नये, दोन्ही बाजूंना लटकवावं. या पिशव्यांना पॅनियर म्हणतात. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर दोन्हीकडे सारख्या वजनाच्या गोण्या टाकून मीठ आणि धान्य नेत. कल्पना तीच. वजन जितकं खाली, जितकं आसाजवळ, आणि दोन्हीकडे जितकं सारखं, तितकी सायकल सरळ चालते. म्हणून पिशव्या अडकवायला बाजूला खालच्या पातळीवर वेगळी सळई असलेलं कॅरियर मिळालं तर उत्तम. दुकानात जाताना तुमची पिशवी बरोबर न्या. काही पिशव्यांचे हूक जाड सळईवर बसत नाहीत, आणि काही बारीक सळईवर खुळखुळतात.

पिशवी अडकवून पॅडल उलटं फिरवून पाहा. टाच पिशवीला लागते का? आजकालच्या बऱ्याच सायकलींचा मागचा भाग आखूड असतो आणि आपले पाय काही आखूड झालेले नाहीत. टाच लागत असेल तर पिशवी मागे सरकवता यायला हवी, पण आसाच्या फार मागे गेली तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं. दिवसभरात पॅडल हजारो वेळा फिरतं. दर फेरीला टाच घासली तर तिसऱ्या दिवशी सायकल विकावीशी वाटते.

डिस्क ब्रेक असलेल्या सायकलींना आणखी एक अडचण असते. ब्रेकचा डबा नेमका कॅरियरच्या पायाच्या वाटेत येतो. त्यासाठी बाहेरच्या बाजूला वळवलेल्या पायांची कॅरियरं मिळतात, ती घ्यावीत. काही मेकॅनिक मध्ये लांब नळकांडी घालून लांब बोल्ट लावून देतात. पण बोल्ट जितका बाहेर निघतो तितका तो वाकायला आणि तुटायला सोपा जातो.

आता बोल्ट. सगळं सामान, सगळा प्रवास, साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या चार बोल्टांवर उभा असतो. स्वस्त बोल्ट काढून टाकून चांगल्या पोलादाचे घ्या. प्रत्येकाखाली वायसर घाला. शक्य असेल तिथे मागून नायलॉनची कडी असलेला नट लावा, तो आपोआप सैल होत नाही. नट लावायला जागा नसेल तर आट्यांवर निळ्या रंगाचं बोल्ट पक्का करणारं द्रव्य मिळतं, त्याचा एक थेंब पुरतो. साखळीच्या बाजूचा बोल्ट आतून फार बाहेर येत नाही ना, ते पाहा. साखळी सगळ्यात लहान चक्रावर टाकली की ती त्याला घासू शकते. पाना फार ताकदीने आवळू नका. आटे गेले तर जंगलात ते पाडून देणारा कोणी भेटत नाही.

बरोबर काय ठेवायचं? तसेच चार जादा बोल्ट, त्यांना लागणारा पाना, दोन होज क्लिपा आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. कॅरियरचा पाय मोडला तर एखादी सरळ काठी त्याला लावून, होज क्लिपांनी आवळून आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. मोडलेल्या हाताला बांबूची पट्टी बांधतात तसं. पोलादी कॅरियरचा रंग उडालेला दिसला तर त्यावर नेलपॉलिश लावा. हा उपाय घरच्या मंडळींना गमतीचा वाटतो, पण गंज थांबतो.

आणि निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं भरून एकदा फिरून या. पुण्याच्या मंडळींनी कात्रजचा घाट चढून-उतरून यावं, इतरांनी जवळचा एखादा चढउतार शोधावा. खरं सामान भरायचा कंटाळा आला तर तितक्याच वजनाचे तांदूळ भरा. परत आलात की चारही बोल्टांना पाना लावून पाहा. नवे बोल्ट पहिल्या काही किलोमीटरांतच थोडे बसतात, सैल होतात. ते घाटात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. प्रवासात हेच काम रोज सकाळी, चहाआधी. एक मिनिट लागतं.

भाच्याचं मनगट दीड महिन्यात बरं झालं. सायकल मात्र त्याने वर्षभर भिंतीला टेकवून ठेवली होती. मीही विषय काढला नाही. मग २०१५ च्या दिवाळीत त्याचा फोन आला, ‘‘मामा, साडेआठ भरलं.’’ मला कळेना. तो म्हणाला, ‘‘किलो. सगळं सामान. तंबू नेत नाही. आणि जुनी सायकल बदलून मागे भोकं असलेली घेतली आहे. कॅरियर अजून घेतलेलं नाही, तू बरोबर ये.’’ दुकानात मी फक्त उभा होतो. खाली बसून बघणं, ढकलून बघणं, टाच लागते का ते बघणं, सगळं त्याने केलं.

त्या डिसेंबरात आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. वाघजाईपाशी थांबलो, भजी खाल्ली. उतरायच्या आधी तो सायकलजवळ उकिडवा बसला, चारही बोल्ट तपासले आणि पाना माझ्यापुढे धरून म्हणाला, ‘‘तुझे बघ.’’ माझ्या डाव्या बाजूचा एक बोल्ट पाव फेरा सैल निघाला. रात्री गुहागरच्या वाटेवरल्या मुक्कामावरून आम्ही ताईला फोन केला. घाट उतरलो एवढंच सांगितलं. बोल्टाचं नाही सांगितलं.

तेव्हा, लांबच्या प्रवासाचा बेत करत असाल तर आज एवढंच करा. एक पिशवी भरा आणि काट्यावर ठेवा. कॅरियर कुठलं घ्यायचं, याचं अर्धं उत्तर तो काटाच देईल.